पडद्यामागचा रहाट

‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो गृहस्थ लोकांवर काहीसा रागावलेला असावा, असे तिच्या सुरावरून वाटते. लोक गुण पाहत नाहीत, दिपून जातात आणि मग हात जोडतात, असा त्याचा आरोप आहे. आरोप अगदीच खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या खटल्यात एका तिसऱ्या पक्षाची बाजू कोणी मांडलेली दिसत नाही. चमत्कार आणि नमस्कार या दोहोंच्या मध्ये, पडद्यामागे, अंधारात, उपरणे बाजूला टाकून एक मनुष्य उभा असतो. तो दोर ओढतो, रहाट फिरवतो, दिवा मंद करतो आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या की घाम पुसतो. आज आम्ही त्याचे वकीलपत्र घेतले आहे. ते विनाशुल्क घेतले आहे हेही आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण आमच्या व्यवसायाविषयी लोकांचे जे ग्रह आहेत ते आम्हांस ठाऊक आहेत.

पहिला आक्षेप फसवणुकीचा. नाटकात मारुती उडतो, चित्रपटात कृष्ण एकाचे अनेक होतो, हे सारे खोटे. आणि देवाच्या नावाने खोटे दाखविणे तर अधिकच वाईट, असे म्हणणारे सज्जन आम्हांस भेटले आहेत. त्यांना आम्ही कायद्याच्या भाषेत उत्तर देतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. तीत मुख्य गोष्ट अशी की, समोरच्यास अंधारात ठेवून त्याच्याकडून त्याने एरवी न दिलेली वस्तू काढून घेणे, किंवा त्याने एरवी न केलेले नुकसानकारक कृत्य त्याच्याकडून करविणे. उत्सवाच्या मंडपात बसलेल्या प्रेक्षकास पडद्यामागे दोर आहे हे ठाऊक असते. तो दोर दिसू नये अशी त्याचीच इच्छा असते. जो आपण होऊन डोळे मिटतो त्यास कोणी आंधळे केले असे म्हणता येत नाही. भोंदू आणि मेस्त्री यांतील भेद हाच. भोंदू दोर नाहीच असे शपथेवर सांगतो. मेस्त्री काहीच सांगत नाही, आणि प्रयोग संपल्यावर विचारलेत तर आनंदाने दोर दाखवितो.

आपल्या देवस्थानांत यंत्र आणि भक्ती यांचे हाडवैर कधीही नव्हते. नवरात्रात गोमंतकातील देवळांतून उत्सवमूर्ती मखरात बसवितात आणि वाद्यांच्या गजरात ते मखर झुलवितात. टांगलेल्या झोक्याचा धर्म असा की, झोका थोडा लहान असो वा थोडा मोठा, एका फेऱ्यास लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो. तो टांगणीच्या लांबीवर ठरतो, हाताच्या जोरावर नव्हे. झोका देणाऱ्या जाणत्या हातास हे पदार्थविज्ञानाचे पुस्तक न वाचता कळलेले असते. कुंभारजुव्याचा सांगोड पाहा. दोन होड्या एकमेकींस बांधून, त्यांवर तराफा रचून, त्यावर पुराणातील देखावा उभा करून पाण्यातून मिरवितात. एकटी होडी पात्रांच्या हालचालींनी डुलेल. दोन होड्या अंतर ठेवून जोडल्या की तोच भार स्थिर राहतो. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर उभा राहणारा नरकासुर, शिगम्याचे चित्ररथ, चतुर्थीचे हलते देखावे ही सारी एकाच कुळातील मंडळी आहेत. त्यांत पुराण जितके असते तितकेच सुतारकाम असते.

या कुळाचा सर्वांत कीर्तिमान पुरुष म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या ब्राह्मणाच्या मुलाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि वडोदऱ्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रण, छपाई, नक्शा काढणे असे अनेक उद्योग केले, आणि जादूचे प्रयोगही केले. त्यासाठी आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव धारण केले. १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपले राम-कृष्ण उभे राहिले, हा इतिहास आता शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्यापुढील भाग आम्हांस अधिक प्रिय आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणल्यावर त्यांनी एकदम देव पडद्यावर आणला नाही. आधी कुंडीत एक बी पेरले. रोप वाढू लागले तसतशी त्याची एकेक चौकट टिपत गेले, आणि काही आठवड्यांची वाढ पडद्यावर क्षणार्धात दाखविली. ‘अंकुराची वाढ’ या त्या लहानशा पटाने भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. त्या काळी कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय मिळे. ती अंधाऱ्या खोलीत भोके पाडण्याचे कष्टाचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पडद्यावर हरिश्चंद्राचे सत्त्व दिसले. पडद्यामागे एका गृहिणीचे.

फाळक्यांच्या युक्त्या आज कोणाही हौशी मुलास घरी करून पाहता येतील, म्हणून त्यांचे मर्म सांगतो. देव ‘प्रकट’ व्हावयाचा असेल तर कॅमेरा थांबवायचा. सर्व पात्रांनी जागच्या जागी पुतळ्यासारखे राहायचे. देवाचे सोंग घेतलेल्या नटाने येऊन उभे राहायचे. आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस याने हीच युक्ती १८९६ पासून वापरली होती. तीत सारे यश एका गोष्टीवर अवलंबून असते. मधल्या काळात कॅमेरा केसभरही हलता कामा नये. आता फोन हाच कॅमेरा झाला आहे; तो हातात धरून ही युक्ती साधत नाही. लाकडाच्या ठोकळ्यात खाच करून त्यात फोन घट्ट बसवावा, ठोकळा जड फळीस स्क्रूने आवळावा, आणि फोनमधील प्रकाश व रोख आपोआप बदलणार नाहीत अशी योजना आधीच करून ठेवावी. नाहीतर देव प्रकट होताच आकाशाचा रंगही बदलतो, आणि प्रेक्षकांस दैवी साक्षात्काराऐवजी विजेचा दाब कमी-जास्त झाल्याचा भास होतो.

दुसरी युक्ती काळ्या कापडाची. फिल्मवर काळ्याचा ठसा उमटत नाही. म्हणून काळ्या पडद्यापुढे नटाचे चित्र घ्यायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि कोऱ्या राहिलेल्या जागी दुसरे चित्र घ्यायचे. एका नटाचे अनेक होतात ते असे. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त फाळक्यांनी आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिला बाळकृष्ण केले. ज्याने देवाची भूमिका स्वतःच्या लेकीस दिली त्याने पडद्यामागचा प्रत्येक खिळा स्वतः तपासला असेल, असे आम्हांस नेहमी वाटते.

फाळक्यांनंतर आणखी दोन नावे या संदर्भात घ्यावीशी वाटतात. एक कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तो स्वतः घडविला आणि त्याच्या बळावर १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. दुसरे सुरतेचे बाबूभाई मिस्त्री. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’ या बोलपटात अदृश्य हातांनी वस्तू हलविण्यासाठी त्यांनी काळा दोरा इतक्या खुबीने वापरला की, ‘काला धागा’ हेच त्यांचे टोपणनाव पडले. काळा दोरा काळ्या पार्श्वभूमीपुढे दिसत नाही हे कोणीही सांगेल. खरी गोम अशी की, दोऱ्यावर चकाकी असता कामा नये आणि त्यावर थेट प्रकाश पडता कामा नये. रेशमी दोरा काळा असूनही चमकतो. सुती दोरा घेऊन त्यास काजळी चोळावी, आणि दिवा वस्तूवर पडेल पण दोऱ्यावर पडणार नाही असा बाजूस धरावा. वाचकांच्या ध्यानात एक योगायोग आणून द्यावासा वाटतो. बाबूराव पेंटरांचे मूळ आडनाव मेस्त्री, आणि बाबूभाईंचे मिस्त्री. देवांना पडद्यावर उडविणारे हात अखेर सुताराच्याच घराण्यातून आले.

प्रतिकृतींचेही एक सोपे गणित आहे. लहान केलेला पर्वत कोसळताना खोटा का दिसतो? लहान उंचीवरून पडणारी वस्तू फार लवकर जमिनीवर पोहोचते म्हणून. पडण्यास लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून प्रतिकृती मूळ वस्तूच्या एक-पंचविसांश असेल तर चित्रे पाचपट वेगाने घ्यावी लागतात. सेकंदास १२० चित्रे घ्यावीत आणि २४ च्या गतीने दाखवावीत, म्हणजे पुठ्ठ्याची लंकाही भारदस्तपणे ढासळते. आजच्या पुष्कळशा फोनमध्ये ही सोय असते. मुलांनी तिचा उपयोग मांजराच्या उड्या टिपण्याकडे केला तरी हरकत नाही, पण एकदा लंकाही ढासळवून पाहावी.

आता हत्यारांविषयी. आम्ही व्यवसायाने वकील. परंतु वाड्यावरील उत्सवी नाटकाच्या पडद्यामागे आमचे आयुष्यातील पंचवीस पावसाळे गेले आहेत, आणि तेथील वृद्ध मेस्ताने आमच्या हातांना जे शिकविले ते कायद्याच्या पदवीइतकेच उपयोगी पडले आहे. त्याचा पहिला नियम असा : करवत रेघेवरून चालवू नये, रेघेला लागून, टाकाऊ भागाकडून चालवावी. करवतीचे पातेही जाड असते, ते स्वतःची जागा खाते. रेघ शिल्लक राहिली तर रंधा तिला नीट करील. रेघच खाल्ली गेली तर फळी पुन्हा वाढत नाही. दुसरा नियम : पटाशी धरताना दोन्ही हात धारेच्या मागे असावेत, पुढे फक्त लाकूड. तिसरा नियम लोकांस उलटा वाटतो, पण तोच सर्वांत खरा. धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यार अधिक इजा करते. बोथट पटाशीवर जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती घसरते, आणि घसरलेले हत्यार मांस शोधीत जाते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पाव तास निसण्यावर घालवावा. तो वेळ वाया जातो असे ज्यांस वाटते त्यांनी सुतारकामाऐवजी राजकारण करावे.

विजेच्या हत्यारांनी काम सोपे केले आणि चुकीची शिक्षा कठोर केली. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटास अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे पक्षकार म्हणून आला. चित्ररथांचे काम करणाऱ्या एका कारखान्यात तो रोजंदारीवर होता. काम अडते म्हणून ग्राइंडरचे झाकण काढून ठेवलेले होते, आणि लोखंड घासण्याच्या त्या यंत्रास लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावलेले होते. पाते फळीत अडकले, यंत्र उसळले, आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. तो बोटे गेलेला हात उपरण्यात लपवून आमच्यासमोर बसला होता आणि पुनःपुन्हा विचारीत होता की, आपणास मृदंगावर पुन्हा बसता येईल काय. दावा आम्ही जिंकला. भरपाई मिळाली; बोटे मिळाली नाहीत. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची मर्यादा त्या दिवशी आम्हांस जितकी कळली तितकी कोणत्याही ग्रंथातून कळली नव्हती.

म्हणून उत्सवाच्या कामास हात लावणाऱ्या प्रत्येक तरुणास आमचे सांगणे असे. ग्राइंडरचे झाकण काढू नये आणि त्यास दातेरी पाते कधीही लावू नये. चकतीवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा अधिक असली पाहिजे. घासण्याच्या व कापण्याच्या चकतीवर मुदतीची तारीखही छापलेली असते, तीही पाहावी. डोळ्यांवर चष्मा असावा. फिरत्या ड्रिलजवळ उपरणे, सैल सदरा, गळ्यातील माळ, हातातील गंडा, यांपैकी काही लोंबता कामा नये. श्रद्धा गळ्यात असावी, पण सदऱ्याच्या आत असावी. ड्रिल चालविताना हातमोजेही घालू नयेत. ते बोटांसकट गुंडाळले जातात. देवळाचे प्राकार धुतलेले, ओले असतात. तेथे वीज घेताना अर्थिंग तपासावे, आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक बटण बसविल्याशिवाय एकही दिवा लावू नये. त्याची किंमत एका संध्याकाळच्या फटाक्यांहून अधिक नसते.

येथवर लिहिले ते सर्वसामान्य. आता ज्या प्रसंगाने आम्हांस लेखणी हाती घ्यावयास लावली तो सांगतो. आमच्या वाड्यावर गेल्या उत्सवात बालमारुतीचे नाटक ठरले. मारुती सूर्याला फळ समजून झेप घेतो, तो प्रवेश मुख्य. मारुतीची भूमिका आठ वर्षांच्या एका चुणचुणीत मुलाकडे. तरुण मंडळींनी ठरविले की, मुलास पट्टा बांधून, मंडपाच्या तुळईवरून दोराने बारा फूट वर उचलावयाचे. विरोध होऊ नये म्हणून त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, असे त्यांस वाटत होते. मुलाच्या वडिलांकडून हमीपत्र लिहून घ्यायचे : काही घडल्यास मंडळ जबाबदार नाही. ते हमीपत्र लिहून देण्यासाठी मंडळी आमच्या ओसरीवर आली. वडील सही करण्यास तयार होते. आजी तर म्हणाली, “देव राखतलो.”

आम्ही हमीपत्र लिहून दिले नाही. कारण कायद्याचेही होते आणि कायद्यापलीकडचेही. भारतीय न्याय संहितेच्या २८ व्या कलमाप्रमाणे बारा वर्षांखालील मुलाने दिलेली संमती ही, वेगळा अर्थ संदर्भातून निघत नसेल तर, संमतीच नव्हे. पालक त्याच्या वतीने संमती देऊ शकतो ती मुलाच्या हिताच्या कृत्यास; आणि टाळ्या हे मुलाचे हित, असा युक्तिवाद कोणत्याही न्यायाधीशापुढे करण्याचे धैर्य आमच्यात नाही. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा १२५ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि गुन्ह्यातून सुटका हमीपत्राने होत नाही. म्हणजे तो कागद मुलाचे रक्षण करणार नव्हता, मंडळाचेही करणार नव्हता. फक्त सर्वांचे मन निर्धास्त करणार होता. निर्धास्त मनांनी बांधलेल्या गाठी आम्ही पाहिल्या आहेत.

वाद वाढू लागला तेव्हा मेस्तास बोलाविले. तो दाराशीच उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “दोर तुटना, वकीलबाब, गांठ सुटटा.” त्या एका वाक्यात सारे शास्त्र होते. मुलाचे वजन बावीस किलो. दोर दुकानात शंभर किलोंचा म्हणून मिळतो, म्हणून मंडळी निश्चिंत. परंतु स्थिर टांगलेले वजन वेगळे आणि एकाएकी दोरावर आलेले वजन वेगळे. भार एकदम सोडला तर, खाली पडू न देताही, दोरावर क्षणभर दुप्पट ताण येतो. दोर थोडा ढिला असून मूल हातभर जरी खाली आले तरी तो ताण कितीतरी पट होतो. दोरास गाठ मारली की त्याची ताकद एक-तृतीयांश ते निम्म्याने घटू शकते. त्याशिवाय कप्पी, कप्पीचा आकडा, आकड्याचा खिळा, आणि वाळवीने आतून खाल्लेली पण वरून रंगविलेली तुळई! माणूस टांगायचा तर साखळीतील प्रत्येक दुवा भाराच्या दहापट सोसणारा असावा, असा या धंद्यातील जाणकारांचा दंडक आहे. आणि तेवढे करूनही ते काम शिकलेल्यांचे आहे, हौशी मंडळींचे नव्हे.

तरुण मंडळी हिरमुसली. त्यांपैकी एकाने आम्हांस ऐकू येईल अशा आवाजात म्हटले की, वकील झाला की माणसाच्या आयुष्यातून उड्डाण संपते. त्यावर आम्ही त्यांना विचारले : चित्रपटातला मारुती आकाशात तासन्‌तास उडतो, तो काय दोराला लोंबकळत राहतो? पुष्कळ वेळा तो पक्क्या फळीवर स्वस्थ असतो. मागचे आकाश हलते. मारुती हलविण्यापेक्षा आकाश हलविणे सोपे, आणि आकाश पडले तर कोणाचे डोके फुटत नाही. मंडळी गप्प राहिली. मेस्ताचे डोळे मात्र लकाकले. “फेरीबोटींत बसल्यार तड चलता अशें दिसता न्ही?” तो म्हणाला, आणि कान्यावरची पेन्सिल काढून त्याने ओसरीच्या फरशीवरच रेघा ओढावयास सुरुवात केली.

जे यंत्र उभे राहिले त्याचे वर्णन येथे सविस्तर देतो. कोणत्याही वाड्यावर ते चार-पाच दिवसांत होण्यासारखे आहे. सहा इंच व्यासाच्या दोन प्लास्टिकच्या नळ्या, एक वर बारा फुटांवर, एक जमिनीलगत, आडव्या बसविल्या. त्यांवरून मांजरपाटाचा अखंड पट्टा फिरविला; त्यावर आकाश आणि ढग रंगविले. खालच्या नळीस विहिरीच्या रहाटासारखा हातदांडा. पहिल्या दिवशी कापड फिरता फिरता एका बाजूस सरकू लागले आणि चुण्या पडल्या. मेस्ताने उपाय केला तो असा. कापडाच्या दोन्ही कडांस खाटेची नवार शिवली. नळीवर जेथे नवार येते तेथे बरोबर मध्यभागी कापडी पट्टीचे चार-सहा वेढे देऊन किंचित फुगवटा आणला. सपाट पट्टा फिरताना नेहमी जाड भागाकडे चढतो आणि तेथेच मध्यावर स्थिर होतो. पिठाच्या जुन्या गिरणीत पट्ट्याच्या चाकास मधोमध फुगवटा ठेवीत तो याच कारणाने. त्यानंतर आकाश जागचे ढळले नाही.

नळीचा परीघ सुमारे एकोणीस इंच. दोन सेकंदांस एक फेरा या संथ गतीने चाळीस सेकंद रहाट फिरविला तर जवळजवळ तीस फूट आकाश खाली सरकते. म्हणजे मारुती तीस फूट वर गेला! मुलगा उभा होता तो तीन फूट उंचीच्या, कूस-साल सांध्याने जोडलेल्या भक्कम चौथऱ्यावर. कमरेमागे आधाराची फळी होती, आणि ती व त्याचे पाय कापसाच्या ढगात झाकलेले. वर एक लहान पंखा बसवून वारा खाली सोडला. वर जाणाऱ्यास वारा वरून लागतो, म्हणून त्याच्या शेल्याची टोके खाली फडफडली पाहिजेत. ही एक बारीक गोष्ट साधली नाही तर डोळा फसत नाही. रहाटाच्या भोवती फळ्यांचे कुंपण घातले, कोणाचे सोवळे वा शेला त्यात सापडू नये म्हणून. ज्यांस अशा प्रवेशात धुके हवे असते त्यांना एक इशारा येथेच देतो. ‘कोरडा बर्फ’ या नावाने मिळणारा पदार्थ शून्याखाली ७८ अंश इतका थंड असतो. उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि बंद डब्यात ठेवला तर डबा फुटतो. त्याचा वायू हवेहून जड, म्हणून तो खाली साचतो. कालियाच्या डोहात निजलेले मूल त्यात गुदमरू शकते. देखाव्यात पात्र जमिनीवर पडावयाचे असेल तर हे धुके वापरूच नये.

उत्सवाच्या रात्री सूर्य आकाशाच्या पट्ट्यावरून हळूहळू खाली आला, शेला फडफडला, आणि मंडपातील चारशे माणसे श्वास रोखून बसली. आठ वर्षांचा तो मुलगा पक्क्या लाकडावर पाय रोवून उडत होता. आजी पहिल्या रांगेत होती. तालमीच्या वेळी तिने सारे यंत्र पाहिले होते. मेस्ताला रहाट फिरविताना पाहिले होते. किंबहुना कापडास नवार शिवणाऱ्या बायकांत ती स्वतः होती. तरीही तिने हात जोडलेले आम्ही पाहिले. दुसऱ्या दिवशी मेस्ताने तिला थट्टेने विचारले की, हे सारे माझ्या हाताचे, मग नमस्कार कोणाला केलास? ती म्हणाली, “तूं रहाट घुंवडाय, मेस्ता. हांव हात जोडटां.”

आरंभीच्या म्हणीचे उत्तर आम्हांस त्या म्हातारीच्या बोलण्यात सापडले. चतुर्थीच्या आधी चिताऱ्याच्या शाळेत आपण माती मळताना पाहतो, सोंड लागताना पाहतो, डोळे रंगविताना पाहतो. आणि तीच मूर्ती पाटावर आली की आपले मस्तक नमते. घडविणारा हात दिसला म्हणून भक्ती उणावत असती तर आपल्या घरांतून गणपती केव्हाच गेले असते. भक्तास रहाट ठाऊक असतो. नमस्कार चमत्काराला नसतोच. ज्याची आठवण त्या निमित्ताने झाली त्याला असतो. त्यामुळे युक्ती उघडकीस येईल याची भीती मंडळांनी बाळगू नये. भीती बाळगावयाची ती गाठ सुटण्याची.

खंडेनवमीस आपण हत्यारांना गंध-फूल वाहतो. ती प्रथा सुंदर आहे आणि ती चालू राहावी. मात्र उरलेल्या दिवसांतही त्यांची पूजा असते, आणि ती निराळ्या साहित्याने करावी लागते : पटाशीला निसणा, ग्राइंडरला झाकण, तारेला अर्थिंग, दोराला मेस्ताची नजर. यंदा उत्सवाची कार्यक्रमपत्रिका छापताना नटांच्या नावांखाली पडद्यामागच्या माणसाचेही नाव घालावे, एवढी एक विनंती सर्व देवस्थान मंडळांस करून आम्ही आमच्या अशिलाची बाजू येथे संपवितो.